वळचणीचा कप

तो कप अजून तिथंच आहे,
पडवीच्या वळचणीला, तिसऱ्या वाशाच्या खोबणीत.
कान तुटलेला, काठावर निळी रेघ.
इसाक खलफेचा कप.
दुसऱ्या कुणी त्यात कधी चहा घेतला नाही,
आणि आमच्याकडे त्यानं दुसऱ्या कशात.

खाडीच्या अल्याड आमच्या पोफळी,
पल्याड त्यांचा मोहल्ला, मधे तर.
पोहायला मला त्यानंच शिकवलं,
खोताच्या पोराला, मानगुटीला धरून.
पाण्यात विटाळ नव्हता.
काठावर आलो की तो चार पावलं मागं राहायचा,
अंग पुसायच्या निमित्तानं.
हे आम्ही कधी बोललो नाही.
ओहोटीबद्दल कोण बोलतं?

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी एकाच आगबोटीवर लागलो.
मी वर, बिनतारीच्या खोलीत, इस्त्रीच्या सदऱ्यात.
तो तळाशी आगवाला, भट्टीच्या तोंडाशी.
मधे चार लोखंडी जिने.
तेही ओळखीचेच वाटले.

पाणतीर लागला तेव्हा मी झोपेत होतो.
जिने एकदम नाहीसे झाले.
काळ्या पाण्यातून कुणीतरी मला मानगुटीला धरून
होडीत ओढलं.
ती पकड मी कुठंही ओळखली असती.

तेरा दिवस.
आमच्यात तेवढ्यात मेलेला माणूससुद्धा सुटतो.
बिस्किटाच्या डब्याचं एक झाकण,
माणशी दोनदा पाणी, सकाळी आणि दिवस बुडताना.
पहिल्यांदा झाकण त्याच्या तोंडून माझ्याकडे आलं
आणि माझा हात क्षणभर थांबला.
खरं सांगतो, तिथंही थांबला.
तो म्हणाला, ''घ्या खोतांनू,
धरम बुडाला असंल तर बोटीसंगंच बुडाला.''
मी प्यालो. त्याच्या ओठांचं मीठ होतं काठाला.
मग मला ताप भरला.
त्या दिवसांत त्यानं स्वतःची अकरा झाकणं मला पाजली,
हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.

घरी आलो. आईनं दृष्ट काढली माझी.
त्यालाही 'बस रे बाबा' म्हणाली, डोळे पुसले,
चहात साखर दुप्पट घातली.
तो न सांगता वळचणीपाशी गेला,
कप काढला, कोळ्याचं जाळं फुंकलं,
विसळला, आणि पडवीच्या पायरीवर बसला.
माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं.
मला तोंड होतं.
तहान तेवढी नव्हती.

बोट बुडाली त्या दिवसापासून त्याचा पगार बंद.
माझा चालू होता.
मी कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहिले, एक, दोन, पाच.
आठ महिन्यांनी उत्तर आलं:
बोटीच्या नोंदवहीत इसाक दोन होते,
नंबर एक आणि नंबर दोन.
अर्जदार नंबर दोन मयत आहे, सबब
अर्ज निकाली.

मी वाचून दाखवलं.
तो इतका हसला की चहा सांडला पैरणीवर.
''मेलेल्याला कसला विटाळ, खोतांनू?
आता येऊ का आत?''
आई माजघरात हसली. मीही हसलो.
मग कुणीच हसेना.
त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं.
उंबरा होता तिथंच होता.
''भरती लागली,'' म्हणाला,
कप विसळून पालथा घातला, आणि तरीकडे गेला.

त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली.
त्याच्या मयतीला गेलो होतो,
कबरस्तानाच्या गडग्याबाहेर उभा राहिलो,
कुणी अडवलं नव्हतं.

त्याचा नातू मस्कतहून आला की येतोच.
थेट स्वयंपाकघरात जातो,
फ्रीज उघडतो, बाटलीला तोंड लावून पाणी पितो.
परवा त्याला वळचणीला कप दिसला.
''आजोबा, हा इथं कशाला?''
खिळे ठेवतो त्यात, म्हणालो.

तो गेल्यावर उठलो,
आणि चार खिळे टाकले.